एकगठ्ठा २,४०० डॉलर : एका जुन्या गॅस स्टेशनमधल्या वस्तूंचं मोल

वहिनींचा फोन गुरुवारी रात्री आला. "भाऊजी, तो माणूस शनिवारी ट्रक घेऊन येतोय. सगळ्याचे मिळून चोवीसशे देतो म्हणतो, रोख. ह्यांचं म्हणणं, देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. तुम्ही एकदा फोटो बघता का?"

जुन्या वस्तूंचं मोल सांगणं हे माझं काम. माझ्या मित्राने आणि वहिनींनी अमेरिकेत, पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर काउंटीत, रस्त्याकडेचं एक बंद पडलेलं गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, विकत घेतलं होतं. दुकान काढायचं म्हणून, जागेसाठी. जमिनीखालच्या टाक्या आधीच्या मालकांनी काढून घेतल्या होत्या, त्याचे कागदही मिळाले होते. पण गाड्यांना तेल-ग्रीस करायची खोली आणि तिच्यावरचा माळा मात्र कोणी हात न लावलेला. तिथे जे सापडलं त्यावर हा भाव सांगितला गेला होता. भाव सांगताना त्या माणसाने एक वाक्य टाकलं होतं, ते वहिनींच्या बरोबर लक्षात होतं : "पैसे ग्लोबचे आणि फायर चीफच्या पाटीचे देतोय, बाकीचं भंगार मी उचलून नेतो."

फोटो पाहून मलाही तसंच वाटलं. पंपाच्या डोक्यावर बसणारा गोल ग्लोब, दोन्ही बाजूंना नारिंगी तबकडीत 'गल्फ' या तेल कंपनीचं नाव. टेक्साकोची 'फायर चीफ' पाटी, लाल शिरस्त्राणाची. मोबिलगॅसची ढालीसारखी छोटी पाटी, उडत्या लाल घोड्याची. मागे तेलाच्या डब्यांचं रॅक, एक गंजका पंप, नकाशांचा गठ्ठा. मी फोनवर ग्लोबचे ७००-८०० आणि फायर चीफचे ३०० धरले आणि म्हणालो, भाव अगदीच वाईट नाही. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबा, मी येतो. फोटोवरून सांगितलेलं ते मोल चुकीचं होतं, आणि ते कुठे कुठे चुकलं हेच या प्रकरणात सांगण्यासारखं आहे.

या मालाच्या दृष्टीने हा मुलुख श्रीमंत. टायटसव्हिलला १८५९ मध्ये ड्रेकची तेलविहीर लागली ती याच राज्यात. गल्फने १ डिसेंबर १९१३ रोजी पिट्सबर्गमध्ये बॉम बुलेव्हार्डवर आपलं स्टेशन उघडलं, गाडी आत घेऊन इंधन भरायचं अशा सोयीचं. पहिल्या दिवशी ३० गॅलन खपलं, गॅलनला २७ सेंट भावाने. गाडीच्या तेलाच्या कंपन्यांपैकी क्वेकर स्टेट, पेनझॉइल, वुल्फ्स हेड या सगळ्या ऑइल सिटी गावच्या, केंडल ब्रॅडफर्डची. तेव्हा इथल्या माळ्यावर खरा माल निघणं नवलाचं नाही. पण खरा माल निघतो तिथेच नकली आणून ठेवलेलाही असतो.

आधी कागद

शुक्रवारी पोचल्यावर मी वस्तूंना हात लावला नाही. आधी टेबलाचे खण उघडायला सांगितले. दुसऱ्या खणात पत्र्याच्या पेटीत पावत्यांचे जुडगे होते. १९४८ पासून पुढे इंधन गल्फचं; साठच्या दशकात स्टेशन एका छोट्या स्वतंत्र पुरवठादाराकडे गेलेलं. टेक्साकोची एकही पावती नाही, मोबिलची नाही. म्हणजे त्या दोन पाट्या या स्टेशनच्या नव्हेत. एवढ्याने त्या नकली ठरत नाहीत, पण "याच स्टेशनवर लागलेली पाटी" असं म्हणून विकता येणार नाही हे नक्की झालं.

मग वहिनींनी आधीच्या मालकांच्या मुलीला फोन लावला. सत्तरीच्या बाई, फार मोकळेपणाने बोलल्या. वडिलांनी शेवटची काही वर्षं फ्ली मार्केटमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारातून, "जुन्या स्टेशनसारखं दिसावं म्हणून" वस्तू आणल्या होत्या. टेक्साकोची पाटी त्यातली. ग्लोबबद्दल त्यांना एवढंच आठवत होतं की एक बाजू फुटली होती आणि वडिलांनी "कुठून तरी दुसरी लावली". मी तिथेच कागद काढून तारीख टाकून हे सगळं लिहून घेतलं, आणि बाईंनी दोन दिवसांनी सही करून पाठवलं. असा सहीचा एक कागद असला की घेणाऱ्याचा वस्तूवर विश्वास बसतो, आणि किंमतही त्याच विश्वासावर उभी राहते.

फायर चीफ

टेक्साकोने फायर चीफ पेट्रोल १९३२ मध्ये आणलं. पंपावर लावायच्या त्याच्या इनॅमल पाट्या साधारण १२ बाय १८ इंचांच्या, आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख असते. आमच्या पाटीवर तारीख होती, ती पाहून मित्र खूश. पण तारीखही छापताच येते.

खरी इनॅमल पाटी म्हणजे पोलादी पत्र्यावर वितळवलेली काच. आधी गडद रंगाचा तळथर, मग एकेक रंग, आणि प्रत्येक रंगाला साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वेगळं भाजणं. त्यामुळे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे बोटाला बारीकशी पायरी लागते. डोळे मिटून अंगठ्याचं नख लाल रंगावरून पांढऱ्यावर नेलं की कळतं. आमच्या पाटीवर नख काचेवरून जावं तसं सरळ गेलं. मग भिंग लावलं. शिरस्त्राणाच्या सावलीत बारीक ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोत असतात तसे. भट्टीत भाजलेल्या जुन्या पाटीत रंग सपाट आणि भरीव असतो, ठिपके नसतात.

राहिला गंज. चारही भोकांभोवती तो सारख्याच आकाराचा, सारख्याच तांबूस रंगाचा. खऱ्या पाटीला टवका उडतो तो दगड लागला, स्क्रू जास्त आवळला अशा कारणाने. त्यामुळे एक भोक साफ आणि दुसरं खराब असं चित्र दिसतं. टवक्याच्या कडेला आधी तळथराची काळसर-निळसर रेघ दिसते आणि तिच्या आत गंज. इथे रंगाखाली थेट चकचकीत पत्रा होता. शोभेची म्हणून २५ डॉलर. मित्राचा चेहरा पडला. मी त्याला म्हणालो, अरे, उद्या हीच पाटी तू खरी म्हणून विकली असतीस आणि घेणाऱ्याने परत आणली असती, तर बाकीच्या मालावरही कोणी विश्वास ठेवला नसता.

मोबिलगॅसची ढाल मात्र दोन मिनिटांत निकाली निघाली. पायऱ्या लागल्या, भोकांत पितळी कड्या होत्या, आणि खालच्या टोकाला 'आयआर' आणि वर्षाचे दोन आकडे. आयआर म्हणजे इंग्रॅम-रिचर्डसन, बीव्हर फॉल्सचा इनॅमलचा कारखाना. म्हणजे ती पाटी जन्मली त्याच काउंटीत परत येऊन पडली होती. एका भोकाशी नखाएवढा टवका, बाकी चमक चांगली. २५० डॉलर.

ग्लोब

ग्लोबवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण सगळ्यात मोठी चूक माझी तिथेच झाली होती.

ग्लोब हा दिवा. आत बल्ब, रात्री लांबून कंपनी ओळखू यावी म्हणून. सुरुवातीचे ग्लोब एकसंध पांढऱ्या काचेचे, ते आज फार महाग. नंतर धातूच्या किंवा काचेच्या अंगाला दोन्ही बाजूंनी लेन्स, म्हणजे कंपनीचं नाव असलेली गोल चकती, बसवायची पद्धत आली, आणि मग प्लॅस्टिकचं अंग. सुटे भाग म्हटले की अदलाबदल आलीच : अंग एका ग्लोबचं, पुढची लेन्स दुसऱ्याची, मागची कालपरवा बनवलेली. असा लावून दिलेला जोड फोटोत ओळखू येत नाही.

मी ग्लोब टेबलावर ठेवला आणि आधी वाकून बूड पाहिलं. प्लॅस्टिकचं अंग, आत 'कॅप्को' असं उठावातलं नाव, रंग दुधाच्या सायीसारखा पिवळट, बुडाच्या स्क्रूपाशी दोन केसाएवढ्या चिरा. हे अंग जुनं आणि अस्सल, पण काचेच्या अंगाच्या मानाने स्वस्त. मग पुढच्या लेन्सवर बोटाच्या पेराने टकटक केली : थंड स्पर्श, टणक आवाज, काच. मागच्या लेन्सवर टकटक केली तर बसका, बोदा आवाज आला, प्लॅस्टिकचा. अॅक्रिलिक. वहिनींनी स्वतः दोन्हीकडे पेर वाजवून पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. "अहो, हे तर डोळे झाकूनही कळतंय," त्या म्हणाल्या.

खोलीत अंधार करून आत बल्ब लावला. काचेच्या लेन्सचा नारिंगी रंग मागून भाजलेला. उजेडात तो सगळीकडे सारखा, आणि एका ठिकाणी केसाएवढा ओरखडा उजळून दिसला. दुसऱ्या बाजूला अक्षरांच्या कडेने पातळ थर सुटलेला, नखाने उचलावा असा. बाईंची आठवण बरोबर होती.

तर हिशेब असा : एक खरी काचेची लेन्स, एक अस्सल पण चिरलेलं अंग, एक कवडीमोलाची लेन्स. २३० डॉलर. ज्या दोन वस्तूंचे पैसे देतोय असं तो माणूस म्हणत होता, त्यांची मिळून किंमत २५५. मग उरलेल्या "भंगारा"कडे नीट पाहायलाच हवं होतं.

भंगार

डब्यांच्या रॅकवर एकूण ७५ डबे. यातले बहुतेक पुठ्ठ्याच्या अंगाचे आणि पत्र्याच्या झाकणाचे, नंतरच्या काळातले. डब्याचं वय काढायला त्यावरची छपाई वाचायची. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) असेल तर डबा १९६३ नंतरचा. नावाशेजारी गोलातला आर असेल तर १९४६ च्या ट्रेडमार्क कायद्यानंतरचा. एमएल, एमएम, एमएस ही तेलाच्या दर्जाची अक्षरं १९५२ पासूनची. त्यांच्या जागी एसए, एसबीसारखी अक्षरं दिसली तर सत्तरचं दशक किंवा त्यानंतर. बारकोड असेल तर तो १९७४ च्या आधीचा बहुधा नाहीच. हे चार ताळे लावून वहिनींनी तासाभरात सगळं रॅक लावलं : पुठ्ठ्याचे ६१, त्यांची एकगठ्ठा किंमत २४०. पूर्ण पत्र्याचे १४.

त्या १४ मधला एक मी हातात घेतला आणि खाली ठेवेना. फ्रीडम ऑइल वर्क्सचा एक क्वार्टचा, म्हणजे जवळजवळ लिटरभराचा डबा. फ्रीडम हे याच काउंटीतलं ओहायो नदीकाठचं गाव, तिथली छोटी रिफायनरी. डब्यावर पेनसिल्व्हेनिया ग्रेड क्रूड ऑइल असोसिएशनची मोहर आणि तिच्याखाली परवाना क्रमांक. ही संघटना सभासद रिफायनऱ्यांना क्रमांक देई आणि तो डब्यावर छापावा लागे. झिप कोड नाही, गोलातला आर नाही, दर्जाची अक्षरं नाहीत. एका बाजूला उन्हाने किंचित फिका, दुसरी बाजू चकचकीत, तळाशी बोटभर गंज. तेल काढलेलं होतं, पण तळाकडून भोक पाडून. कोणीतरी वरचं झाकण मुद्दाम राखलं होतं. मोठ्या कंपनीचे डबे लाखांनी बनले. अशा गावच्या कंपनीचे फार थोडे उरलेत, आणि ज्यांचे आजोबा तिथे कामाला होते ती माणसं आजही शोधत असतात. मी ४२५ धरले. बाकी १३ डब्यांचे ३९०.

पंप टोकहाइम कंपनीचा, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा. त्याच गावात सिल्व्हेनस बाउझरने १८८५ मध्ये आपला पहिला पंप विकला, तो रॉकेलसाठी होता. पंप बनवणारी वेन कंपनीही तिथलीच. आमचा पंप रक्कम आपोआप मोजणाऱ्या जातीचा, एका बाजूची काच फुटलेली, होज कुजलेला. भावाची चाकं ५७.९ सेंटवर थांबलेली, आणि काचेच्या आत पिवळा पडलेला कागद चिकटवलेला : हा अर्ध्या गॅलनचा भाव आहे. या जुन्या यंत्रांत गॅलनचा भाव ९९.९ सेंटच्या वर लावताच येत नसे. १९७९-८० च्या सुमारास पेट्रोल डॉलरपार गेलं तेव्हा अनेक स्टेशनांनी अर्ध्या गॅलनचा भाव लावून गाडा ओढला. मित्र तो कागद खरवडून काढायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. पंप नव्या रंगात रंगवणारे पुष्कळ आहेत, पण तो कागद पुन्हा मिळायचा नाही. पंपाला मी १,१०० धरले, आणि एक बजावलं : आतल्या नळ्यांत पेट्रोलचा अंश असू शकतो, जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासकाम, कापकाम काही करायचं नाही.

नकाशांचा गठ्ठा ९० डॉलरचा. तो फार वेळ खाण्यासारखा नव्हता.

आणि मग निघालो तेव्हा ग्रीसच्या रिकाम्या पिंपाखाली पाय अडखळला. पिंप सरकवलं तर खाली दोन फुटी पत्र्याची गोल तबकडी, वर ग्रीसचा काळा थर. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने एक कोपरा खरवडला तर लाल रंग निघाला. उलटवली. दोन बोटं वर केलेला हात : केंडल. दोन बोटं म्हणजे २,००० मैल. तेल एवढं टिकतं हे सांगायला केंडलने विसाच्या दशकाच्या अखेरीस ही खूण घेतली. दोन्ही बाजूंनी रंगवलेली पाटी. वरची बाजू पिंपांनी घासून काढलेली, पण ग्रीसमध्ये तोंड खाली करून पडलेली बाजू अशी तुकतुकीत की बॅटरीचा झोत परत डोळ्यावर यावा. ग्रीसने तिला हवा आणि पाणी लागूच दिलं नव्हतं. ही इनॅमल नव्हे, साधा रंग. म्हणून थिनर, अॅसिटोन काही नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, कापूस, आणि आधी कडेला एक टिचभर करून बघायचं. वहिनींनी तीन संध्याकाळी घालवून ती साफ केली.

बाहेरच्या भिंतीवर लोखंडी आडणी होती, रिकामी. टेपने तिच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजलं, मग पाटीच्या भोकांमधलं. दोन्ही साडेसतरा इंच. दोन बाजूंच्या पाटीचा दर्जा प्रत्येक बाजूचा वेगळा सांगतात. ही एका बाजूने दहापैकी साडेआठ, दुसरीने जेमतेम पाच. भिंतीला टेकवून लावणाऱ्याला एकच बाजू लागते. ६५०.

शनिवार

सगळी बेरीज ३,४०० झाली. चोवीसशे देणारा ट्रक घेऊन आला तेव्हा मित्र थोडा तापलेला होता. मी त्याला बाजूला घेतलं. दुकानदाराने माल उचलायचा, साठवायचा, महिनोन्महिने विकायचा, एखादा पंप गळ्यात पडायचा. त्याला मध्ये हजार सुटले तर ती लूट नाही. त्यानेही बहुधा माझ्यासारखेच फोटो पाहिले होते. मला खटकलं ते एवढंच की एकगठ्ठा भावात कुठल्या वस्तूला किती हे दिसतच नाही, आणि विकणारा चमकणाऱ्या दोन वस्तूंवर नजर ठेवून बाकीचं सोडून देतो. आम्ही त्याला वस्तूगणिक यादी दिली. त्याने पंप सोडून पुठ्ठ्याचे डबे, नकाशे आणि १३ पत्र्याचे डबे ६०० ला घेतले, हसत हसत.

किमती काढताना मी ऑनलाइन मागितलेले भाव पाहिले नाहीत. मागायला काय, कोणी काहीही मागतं. लिलावात प्रत्यक्ष विकलेले भाव पाहिले, आणि त्यातही घेणाऱ्याचं कमिशन धरलंय की नाही ते. बोली ५०० वर थांबली आणि घेणाऱ्याचं कमिशन २० टक्के असेल तर तो ६०० देतो. विकणाऱ्याकडून १५ टक्के कापले तर त्याच्या हातात ४२५ येतात. एकाच वस्तूचे हे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. वहिनींना मी ही वजाबाकी वहीत लिहायला लावली, कारण त्यांना विम्यासाठी वेगळा आकडा लागणार होता आणि विकण्यासाठी वेगळा. माझी स्वतःची अट एकच : ज्याचं मोल मी सांगतो ते मी विकत घेत नाही. डबा मला हवासा वाटत होता तरी.

फ्रीडमचा डबा लिलावात ५१० ला गेला. ढाल २४० ला. पंप शेजारच्या काउंटीतल्या एका माणसाने ट्रेलर आणून ९५० ला नेला. माझ्या अंदाजाहून कमी, पण पंपाचा भाव वाहतुकीच्या खर्चावर ठरतो आणि तो मी पुरेसा धरला नव्हता. त्याने अर्ध्या गॅलनचा कागद तसाच ठेवीन असं सांगितलं. ग्लोब "एक लेन्स काचेची जुनी, एक नवी अॅक्रिलिक, अंगाला दोन चिरा" असं लिहून, बुडाच्या आणि चिरांच्या फोटोंसकट विकायला ठेवला, आणि ज्याची एक काचेची लेन्स फुटली होती अशा एकाने २६० देऊन घेतला.

केंडलची पाटी त्यांनी विकली नाही. दुकान उघडलं तेव्हा ती बाहेरच्या आडणीवर न लावता आतल्या भिंतीला लावली, चांगली बाजू पुढे करून, उन्हापासून लांब. फायर चीफ गल्ल्यामागे आहे. तिच्या पाठीवर मित्राने पक्क्या शाईत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "प्रतिकृती", आणि खाली तारीख.